जुना संगणक आणलात? प्लग लावण्याआधीची कामं, क्रमाने

भंगारवाला म्हणतो, "चालू है साहब, लगा के दिखाता हूँ." गिऱ्हाईक खूश होऊन मान डोलावतं. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या संगणकाचं सर्वांत मोठं नुकसान नेमकं याच वेळी, पहिल्या दहा सेकंदांत होतं. एसएमपीएसमधला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतला, ओल धरलेला कपॅसिटर फुटतो, नाहीतर बॅटरीच्या गळतीने जोडल्या गेलेल्या दोन रेषांतून करंट धावतो आणि दुरुस्त होण्यासारखा बोर्ड कायमचा जातो. म्हणून विक्रेत्याला तिथल्या तिथे सांगा: लावू नका, बंदच द्या.

पुढचे टप्पे मुख्यतः २८६ ते ४८६ प्रोसेसरच्या आणि सुरुवातीच्या पेंटियम डेस्कटॉपसाठी आहेत, कारण मुंबईत सहसा तेच हाती लागतात. शाळांतून निघालेले बीबीसी मायक्रो, त्याचा भारतीय अवतार एससीएल युनिकॉर्न, किंवा स्पेक्ट्रम यांनाही हाच क्रम लागू पडतो. टप्पे गाळू नका, आणि त्यांचा क्रम तर मुळीच बदलू नका.

## १. पैसे देण्याआधी

चोरबाजारातली मटण स्ट्रीट असो, कुर्ल्याचं भंगार असो की बंद पडलेल्या छापखान्याचा माळा, पाच मिनिटांत चार गोष्टी बघता येतात.

आधी वास घ्या. कुबट वास म्हणजे बुरशी. माशांसारखा वास म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळलेत. उंदराच्या मुताचा वास आला तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय कॅबिनेट उघडायचं नाही. लेप्टोचा धोका मुंबईकरांना वेगळा सांगायला नको.

मग पाण्याची रेघ शोधा. तळमजल्यावरच्या गोदामांतला बराच माल कधी ना कधी पुरात उभा राहिलेला असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भिजलेली यंत्रं नंतर पुसून विकली गेली असणं अगदी शक्य आहे. बाहेरून पत्रा चकचकीत दिसेल, म्हणून मागच्या पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारा आणि आत एका उंचीपर्यंत मातीचा थर आहे का ते बघा. असा संगणक घ्यायचाच असेल तर एसएमपीएस आणि हार्डडिस्क बाद धरून भाव करा.

तिसरी गोष्ट वजन. हाताला हलकं लागलं तर आतला माल आधीच काढलेला आहे.

चौथी गोष्ट मागचे कनेक्टर. नऊ पिनांचा मॉनिटर पोर्ट दिसला तर कार्ड हर्क्युलीस, सीजीए किंवा ईजीए आहे. आजचा मॉनिटर त्याला थेट चालणार नाही. सोबत जुना मॉनिटर मिळत असेल तर त्याच वेळी घ्या, नंतर तो शोधणं फार जड जातं.

सावध: मॉनिटरची पिक्चर ट्यूब असलेली पेटी उघडू नका. ट्यूबच्या आत कित्येक हजार व्होल्टचा भार बंद केल्यावरही टिकून राहू शकतो. या लेखात मॉनिटर उघडण्याचं एकही काम नाही.

## २. सॉकेट आणि हत्यारं

संगणकाला हात लावण्याआधी घरातलं सॉकेट तपासा. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगच्या भोकामागे वायर नसते. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्हीकडे साधारण २३० यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अख्ख्या पत्र्यावर शंभरएक व्होल्ट तरंगत राहतात आणि हात लावला की मुंग्या येतात. "थोडा करंट मारतो, पण चालतो" असं जे म्हणतात, ते हेच. पत्रा आणि दुसरं यंत्र केबलने जोडताना हाच करंट पोर्टातली चिप जाळतो.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पुढचं सामान एका फेरीत मिळतं:

- कंटिन्यूइटीचा बीप देणारा मल्टिमीटर
- तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, ६०/४० किंवा ६३/३७ सोल्डर, फ्लक्स, डीसोल्डर पंप आणि विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी)
- ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), किमान ५०० मिली
- १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर
- १२ व्होल्ट, २१ वॅटचा गाडीचा बल्ब (हा मात्र ऑपेरा हाउसकडच्या मोटार-सामानाच्या किंवा घराजवळच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात)
- १०० वॅटच्या फिलामेंट बल्बचा सिरीज बोर्ड (यंत्राची वीज ज्यात बल्बमधून जाते)

साधं २५ वॅटचं आयर्न ट्रान्झिस्टर रेडिओला पुरतं. संगणकाच्या बोर्डात ग्राउंडचा तांब्याचा थर सगळी उष्णता पिऊन टाकतो, सोल्डर वितळत नाही, माणूस जोर लावतो आणि भोकातलं अस्तर उपटून येतं. स्टेशनवर पैसे खर्च करा, इतर गोष्टींत काटकसर चालेल.

आयपीएच्या जागी थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. प्लास्टिक विरघळतं.

## ३. उघडा, फोटो काढा, बॅटरी कापा

हे काम संगणक घरी आला त्याच दिवशी करा. बाकी सगळं महिनाभर थांबू शकतं, बॅटरी थांबत नाही.

प्रत्येक केबल काढण्याआधी फोटो घ्या, लाल कडा कुठल्या बाजूला आहे ते फोटोत दिसू द्या. जंपरच्या, म्हणजे बोर्डाची सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या टोप्यांच्या, पिनांचेही जवळून फोटो हवेत. पुढच्या पॅनेलवरच्या पॉवर स्विचला एसएमपीएसमधून चार वायरी जातात, सहसा तपकिरी, निळी, काळी, पांढरी. त्यांत थेट २३० व्होल्ट असतात. त्या काढायच्या असतील तर प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून स्विचच्या पिनचा क्रमांक लिहा. जोड्या उलटसुलट लागल्या तर स्विच दाबताच फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात.

आता मदरबोर्डावर, बहुतेक कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तीन बटणांची नळकांडी दिसेल. ही ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. ती गळलेली नसली तरी काढायचीच. आज नाही तर पुढच्या पावसाळ्यात गळेल. आत्ता सोल्डर करत बसू नका, बारीक कटरने दोन्ही पाय कापा. प्लस-मायनसची बाजू बोर्डावर छापलेली नसेल तर आधी फोटो घ्या. कापलेली बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्या, कॅडमियम ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकण्याची वस्तू नाही.

बॅटरीऐवजी घड्याळाचं चित्र असलेली काळी, जाड चिप असेल तर ती डॅलस कंपनीची. तिची बॅटरी आतच असते आणि गळत नाही, फक्त संपते. तिला आता हात लावू नका.

## ४. बॅटरीने खाल्लेला भाग

हिरवा-निळा थर, काळवंडलेलं सोल्डर, मातकट झालेल्या रेषा ही गळतीची खूण. इथे एक चूक फार जण करतात: गाडीच्या बॅटरीची सवय असल्याने खायचा सोडा चोळतात. गाडीच्या बॅटरीत आम्ल असतं, म्हणून तिथे सोडा लागतो. निकेल-कॅडमियममध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे अल्कली. त्याच्यावर उतारा आम्लाचा.

क्रम असा ठेवा:

१. कोरड्या टूथब्रशने सुटा थर झाडा. मास्क हवा.
२. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा. हलका फेस येईल. पाच ते दहा मिनिटं थांबा, रात्रभर ठेवू नका. व्हिनेगरही तांबं खातंच.
३. डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुवा.
४. आयपीएने पुन्हा पुसा.
५. बाधित भागातले आयसी सॉकेट, कीबोर्डचं सॉकेट, पहिला आयएसए स्लॉट (कार्ड खोचायची खाच) यांच्या खाली थर गेला असेल तर ते काढावेच लागतात. वरून स्वच्छ आणि खालून सडलेलं सॉकेट सहा महिन्यांनी दगा देतं.

तपासा: भिंग घेऊन बाधित भागातली प्रत्येक रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मल्टिमीटरने वाजवा. बोर्डाच्या वरून खाली जाणारी बारीक भोकं आतून तुटतात, डोळ्यांना काही दिसत नाही. तुटलेली रेषा दिसली की हिरवा लेप हळू खरवडून ३० गेजची वायर जोडा. उघडं तांबं शेवटी लेपाने झाका, नाहीतर खारी हवा तिथूनच पुन्हा सुरुवात करते.

नवी बॅटरी लावताना सर्वांत मोठी चूक म्हणजे जुन्याच्या जागी थेट सीआर२०३२ बसवणं. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असतो. लिथियमचं हे बटण चार्ज करण्यासाठी बनलेलं नाही, ते फुगतं आणि फुटू शकतं. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असेल तर तीच वापरा: तीन एए सेलचा ४.५ व्होल्टचा डबा, वायर लांब ठेवून कॅबिनेटच्या तळाशी. तिथे चार्जिंग अडवणारा डायोड सहसा असतोच, पण खात्री करा: सेल न लावता संगणक चालू करून त्या पिनांवर व्होल्टेज येतं का ते मोजा. ही मोजणी अर्थात आठव्या टप्प्यानंतरच. व्होल्टेज येत असेल तर डायोड आपण घालायचा.

## ५. धुणं आणि वाळवणं

मदरबोर्ड पाण्याने धुता येतो, घाबरू नका. आधी सगळी कार्डं, रॅम, सॉकेटमधल्या चिपा आणि सॉकेटमध्ये बसवलेला प्रोसेसर काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, मऊ ब्रश, मग नळाचं पाणी, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर चिपांच्या पायांमध्ये बसतात, म्हणून शेवटची धुणी टाळू नका. स्पीकर, बझर, रिले, ट्रान्सफॉर्मर आणि कीबोर्डची पातळ मेंब्रेन पाण्यात घालायची नाहीत.

काचेची खिडकी असलेल्या इप्रॉम चिपांवरचं स्टिकर निघू देऊ नका. सुटलं तर लगेच काळी टेप लावा. मुंबईचं ऊन त्या खिडकीतून आतला बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, हळूहळू पुसून टाकतं.

वाळवताना मात्र मोसम बघावा लागतो. डिसेंबरात पंख्याखाली दोन दिवस पुरतात. जुलैत पुरत नाहीत. हवेतच इतकी ओल असते की बोर्ड वरून कोरडा दिसतो आणि स्लॉटच्या आत पाणी तसंच राहतं. पावसाळ्यात एसी 'ड्राय' मोडवर असलेल्या खोलीत दोन दिवस ठेवा. एसी नसेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेलबरोबर किमान तीन दिवस. हेअर ड्रायर नको: तो पाणी आत ढकलतो आणि जवळून धरला तर स्लॉटचं प्लास्टिक वाकवतो.

खरं तर जून ते सप्टेंबरमध्ये धुण्याचं काम काढूच नये असं आमचं मत आहे. क्रमाला एवढाच अपवाद: त्या चार महिन्यांत एसएमपीएस आणि फ्लॉपीची कामं उरकून घ्यावीत.

समुद्राजवळच्या घरांतल्या संगणकांत कार्डांच्या सोनेरी कडा काळ्या पडलेल्या असतात. आयपीए लावलेल्या कापडाने पुसा. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर एखाद-दोनदा फिरवला तर चालतो. शाई खोडायचा खरखरीत रबर सोन्याचा मुलामाच काढून टाकतो. सॉकेटमधल्या चिपा उष्णतेने वर सरकतात, त्या काढून पाय पुसून पुन्हा सरळ दाबा. बरेच "मेलेले" बोर्ड इतक्यावरच उठतात.

## ६. एसएमपीएस, बोर्डापासून वेगळा

या टप्प्यात जिवाचा धोका आहे. विजेच्या कामाची सवय नसेल तर जाणकार माणूस शेजारी असू द्या, एकट्याने करू नका.

मागचा लाल स्विच २३० वर आहे ना ते आधी बघा. तो ११५ वर असताना आपल्या सॉकेटमध्ये लावला तर आतले दोन मोठे कपॅसिटर दुप्पट व्होल्टेज खातात आणि बंदुकीसारखा आवाज करून फुटतात. २३० वर आणून त्यावर टेप लावून टाका. परदेशातून आलेल्या एखाद्या यंत्रावर फक्त ११५ लिहिलेलं असेल आणि स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

उघडण्याआधी प्लग निदान तासभर काढलेला हवा. तरीही आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर ३२५ व्होल्टपर्यंतचा भार उरलेला असू शकतो. एक हात पाठीमागे ठेवा. आधी प्रत्येक कपॅसिटर डीसीवर मोजा. भार असेल तर १० किलोओहमचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने पंधरा-वीस सेकंद जोडा आणि पुन्हा मोजा. पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट घालायचं नाही. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत दिसते. ती कपॅसिटरलाही घातक आणि डोळ्यांनाही.

आता मेन्सच्या बाजूला पिवळसर पारदर्शक, चौकोनी कपॅसिटर शोधा. बऱ्याचदा त्यावर 'रिफा' असं नाव असतं. आत धातूचा मुलामा दिलेला कागद असतो, कवचाला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून ओल आत जाते आणि वीज मिळाली की काही मिनिटांत दाट, उग्र धूर. बीबीसी मायक्रोच्या एसएमपीएसची ही प्रसिद्ध दुखणी. भेग दिसो न दिसो, बदलूनच टाका. त्याच मायक्रोफॅरडचा, एक्स-टू वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी किंवा अधिकचा घ्या. वरवर तसाच दिसणारा ४०० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म कपॅसिटर इथे चालत नाही. फेज किंवा न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये जे छोटे कपॅसिटर असतात ते वाय वर्गाचे. त्यांच्या जागी एक्स वर्गाचा लावू नका. तो शॉर्ट झाला तर अख्खा पत्राच फेज होतो.

दुसऱ्या, कमी व्होल्टेजच्या बाजूचे इलेक्ट्रोलायटिक फुगलेले किंवा बुडाशी तपकिरी असतील तर बदला: तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढे किंवा अधिक व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअसचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले). दुकानदाराच्या खणात वीस वर्षं पडून असलेला "ओरिजिनल" माल घेऊ नका, इलेक्ट्रोलायटिक न वापरताही म्हातारा होतो.

तपासा, बोर्ड न जोडता:

एसएमपीएस बंद करून झाकण लावा. जुना एटी, म्हणजे त्या काळच्या संगणकांच्या पद्धतीचा, एसएमपीएस भाराशिवाय नीट सुरू होत नाही, काही तर बिघडतात. लाल आणि काळ्या वायरीत २१ वॅटचा गाडीचा बल्ब जोडा. पाच व्होल्टवर तो साधारण एक अँपिअर ओढतो. मग एसएमपीएस सिरीज बोर्डातून लावा. शंभर वॅटचा बल्ब क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सिरीज बोर्डात एलईडी बल्ब घालू नका, त्याचा इथे काहीच उपयोग नाही.

पहिली परीक्षा पास झाली की सिरीज बोर्ड काढून थेट सॉकेटवर मोजा. लाल ४.७५ ते ५.२५, पिवळी ११.४ ते १२.६, निळी उणे १०.८ ते उणे १३.२, पांढरी उणे ४.५ ते उणे ५.५. केशरी वायरीवर सुरू झाल्यानंतर पाचच्या आसपास आले पाहिजेत. ते "पॉवर गुड". अर्धा तास चालू ठेवून पुन्हा मोजा. गरम झाल्यावर लाल घसरत असेल तर तो एसएमपीएस अजून तयार नाही.

## ७. बोर्ड थंड असताना

एसएमपीएस सुटा असतानाच बोर्डाच्या वीज कनेक्टरवर ओहम मोजा. पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये दोन-तीन ओहमपेक्षा कमी आले तर थांबा. बारा व्होल्टच्या रेषेवर शून्याजवळ काहीही आलं तर दोषी बहुतेक टँटलम कपॅसिटर असतो, पिवळ्या किंवा निळ्या थेंबासारखा. तो शॉर्ट होऊनच मरतो, आणि वीज दिली तर पेटतो. एकेक उचलून बघा, शॉर्ट गेला की सापडला. बारा व्होल्टच्या जागी नवा २५ व्होल्टचा लावा.

सावध: टँटलमवरची पट्टी प्लस दाखवते, अॅल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलायटिकवरची पट्टी मायनस. या एका गोंधळाने जितके बोर्ड जळाले असतील तितके दुसऱ्या कशाने क्वचितच.

चिप किंवा कपॅसिटर काढताना ओढू नका. आधी ताजं सोल्डर आणि फ्लक्स घाला, ३५० अंशांवर वितळू द्या, मग पंप. पाय भोकात मोकळा हलला की आपोआप येतो.

## ८. पहिली वीज

बोर्डावर फक्त प्रोसेसर, रॅम, व्हिडिओ कार्ड आणि स्पीकर. हार्डडिस्क, फ्लॉपी, साउंड कार्ड सगळं बाजूला. स्पीकर विसरू नका. पडद्यावर काही येत नसताना बीपच तेवढे बोलतात.

एटीचे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून. उलट लावले की बोर्ड संपला. दोनदा बघा, मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

रॅम अर्धवट भरल्याने चांगला बोर्ड मेलेला वाटतो. ३० पिनांच्या पट्ट्या २८६ आणि ३८६-एसएक्सला दोन-दोनने लागतात, ३८६-डीएक्स आणि ४८६ ला चार-चारने. ७२ पिनांची एक पट्टी ४८६ ला सहसा पुरते, पेंटियमला जोडी हवी.

पहिल्यांदा पाच सेकंद चालू, बंद. वास घ्या, चिपांवर बोट ठेवून भाजतंय का बघा. मग तीस सेकंद, मग दोन मिनिटं, मग दहा. दरम्यान बोर्डावर लाल वायरीचं व्होल्टेज मोजा, ४.७५ च्या खाली गेलं तर संगणक उगाच रीसेट होत राहतो आणि दोष भलतीकडे शोधला जातो.

काहीच झालं नाही तर आयएसए स्लॉटमध्ये 'पोस्ट' कार्ड, म्हणजे सुरू होतानाच्या तपासणीचे कोड दाखवणारं कार्ड, लावा. त्यावरचा दोन अंकी कोड बायॉस कुठे अडला ते सांगतो. "सीएमओएस चेकसम एरर", म्हणजे जपलेली सेटिंग पुसली गेल्याचा संदेश, आली तर आनंद माना, बोर्ड जिवंत आहे. बॅटरी काढल्यावर ती येणारच. कीबोर्ड चालू संगणकाला लावू किंवा काढू नका, बोर्डावरचा बारीक फ्यूज उडतो.

डॅलसची चिप संपलेली निघाली तर आता तिच्याकडे वळा: नवी लावा, किंवा कवच सोळाव्या आणि विसाव्या पायाजवळ घासून आतल्या बॅटरीचा संबंध तोडा आणि बाहेरून सीआर२०३२ जोडा, विसाव्याला प्लस. ही चिप बॅटरीला चार्ज करत नाही, म्हणून इथे ते बटण चालतं.

## ९. फ्लॉपी, हार्डडिस्क आणि आतला मजकूर

मुंबईतल्या फ्लॉपींना बुरशी असतेच, असं धरून चला. सव्वापाच इंची फ्लॉपी खिडकीतून हळू फिरवून उजेडात बघा. साडेतीन इंचीचं धातूचं झाकण सरकवून बघा. पांढरे-करडे ठिपके किंवा वर्तुळं दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा पाडते. "एक फ्लॉपी वाचेना म्हणून दुसरी घातली, तीही वाचेना" याचं कारण बहुतेक हेच. प्रत्येक संशयास्पद फ्लॉपीनंतर आयपीएच्या काडीने हेड पुसा. वरचं हेड उचलताना काडीची जाडी पुरते, त्याहून वर वाकवू नका.

ड्राइव्हमधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. आयपीएने काढून सरकपट्ट्यांवर हलकं सिलिकॉन तेल, एक थेंब. फवारा नको.

३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, लिहायची नाही. त्या ड्राइव्हचा माग (ट्रॅक) निम्म्या रुंदीचा असतो, आणि तसं लिहिलेलं मग मूळ ३६० च्या ड्राइव्हला नीट वाचता येत नाही. फ्लॉपीवर काही लिहिण्याआधी ग्रीसवीझलसारख्या उपकरणाने तिची पूर्ण प्रत काढून ठेवा. रोजच्या वापराला फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक, म्हणजे पेनड्राइव्हवरून फ्लॉपीची नक्कल करणारा डबा, बसवा, खरा ड्राइव्ह जपून ठेवा.

हार्डडिस्क चालू झाली तर पहिलं काम प्रत काढणं, उघडून बघणं किंवा फॉरमॅट करणं नव्हे. जुन्या आयडीई डिस्क स्वस्त यूएसबी अडॅप्टरला ओळखतच नाहीत, कारण अडॅप्टरला एलबीए, म्हणजे सेक्टरना सलग क्रमांक देण्याची पद्धत, लागतं आणि डिस्कला फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर कळतात. त्यामुळे "डिस्क मेली" असं ठरवण्याआधी तिच्यावर छापलेले तीन आकडे सेटअपमध्ये टाइप ४७ खाली भरून मूळ संगणकातच वाचून बघा.

मराठी माणसाच्या हाती पडलेल्या डिस्कबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. कचेऱ्या, छापखाने, साप्ताहिकं यांच्या संगणकांत सी-डॅकचं जिस्ट कार्ड सापडू शकतं. डॉसमध्ये देवनागरी दाखवणारं. ते "कसलं तरी कार्ड" म्हणून फेकू नका, आणि त्या संगणकातल्या फाइली कचरा वाटल्या तरी पुसू नका. इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतात लिहिलेला मजकूर आजच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, पण तो शाबूत असतो आणि युनिकोडमध्ये आणता येतो. डीटीपीच्या संगणकामागे पॅरलल पोर्टला लावलेली छोटी डबी म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप. ती हरवली की तो मराठी फॉन्टचा संच पुन्हा उघडत नाही. डबी, तिची फ्लॉपी आणि संगणक एकाच खोक्यात राहू द्या. लोकांची पत्रं, हिशेब, खासगी कागद निघाले तर मूळ मालकाला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

## १०. पिवळं पडलेलं प्लास्टिक

हे काम सर्वांत शेवटी, आणि शक्यतो नकोच. पिवळेपणाने संगणकाचं काही बिघडत नाही. करायचंच असेल तर ब्युटी पार्लरच्या सामानात मिळणारं ४० व्हॉल्यूमचं, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम घ्या. आधी भाग साबणाने धुवा, क्रीम सारख्या जाडीने लावा, वरून स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म. हातमोजे आणि चष्मा हवेतच. कोवळ्या उन्हात तीन-चार तास, दर अर्ध्या तासाने फिल्मवरून क्रीम सारखं करा. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर ठेवलंत तर क्रीम जागोजागी वाळतं आणि ढगांसारखे पांढरे डाग पडतात. ते परत निघत नाहीत. छापील लोगो आणि कंपनीची धातूची पट्टी आधी काढून ठेवा.

## ११. ठेवायचं कुठे

माळ्यावर नाही, गच्चीच्या स्लॅबखाली तर नाहीच. तळमजल्यावर राहत असाल तर जमिनीपासून निदान दोन फूट वर. समुद्राकडच्या खिडकीजवळ नको. थर्माकोलवर उघडा बोर्ड ठेवू नका, अँटिस्टॅटिक पिशवी वापरा.

खोक्यात स्वस्तातला का होईना, आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर टाका. ४० ते ५५ टक्के चांगले. साठच्या वर गेलं की सिलिका जेल बदला. रंग बदललेलं जेल १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. नुसतंच प्लास्टिक गुंडाळून ठेवण्याची पद्धत सोडा, ओल बाहेर जाऊ शकत नाही आणि बुरशी आतच वाढते.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा संगणक तासभर चालवा. त्याआधी खोक्यातून काढून खोलीत दोन तास राहू द्या. कॅबिनेटच्या आत एक कागद चिकटवा आणि त्यावर लिहा: कोणते कपॅसिटर कधी बदलले, बॅटरी कधी घातली, डिस्कचे तीन आकडे, जंपरची मूळ जागा. एए सेलचा डबा लावला असेल तर त्याची तारीख लाल शाईने. ते सेलही गळतात, दर मे महिन्यात काढून बघा.